बी.ए. जपानी करू का, आणि केलं तर पुढे काय?

कऱ्हाडहून एका मुलीने विचारलं आहे. बारावी कॉमर्स झाली, अकाउंट्समध्ये चांगले गुण आहेत. अॅनिमे बघून जपानीची गोडी लागली, पण लिपी अजून येत नाही. तिला पुण्यात बी.ए. जपानी करायचं आहे. वडील म्हणतात, "बी.कॉम. कर, भाषा काय, जोडीला शिकता येते." तिचे प्रश्न तीन. या पदवीवर खरंच काम मिळतं का? पदवीच्या वर्षांत नेमकं काय करावं? आणि प्रवेश होईपर्यंत काय करावं?

मी बावीस वर्षं जपानीवर पोट भरते आहे. सुरुवातीला चाकणच्या एका कारखान्यात दुभाषी होते, नंतर स्वतंत्रपणे अनुवाद आणि दुभाषाचं काम केलं, आता त्याच्या जोडीला शिकवते. त्यामुळे उत्तर लांब होणार आहे, निवांत वाच. जमलं तर बाबांनाही वाचून दाखव.

आधी तुझ्या बाबांबद्दल. त्यांची काळजी रास्त आहे. "जपानी शिकलं की नोकरी हमखास" असं सांगणारे क्लासवाले पुण्यात गल्लोगल्ली आहेत, आणि बी.ए. जपानी होऊनही हाताला काम नसलेली मुलं माझ्याकडे येतात. ही मुलं हुशार असतात. त्यांचं चुकतं ते एकाच ठिकाणी. पदवी म्हणजे भाषा आली, असं ते धरून चालतात. पदवी ही एक शिडी आहे आणि भाषेची पातळी ही दुसरी. कॉलेज तुला पहिल्या शिडीवर चढवतं. दुसरीवर तुझी तुलाच चढावं लागतं, आणि नोकरी देणारा आधी तीच बघतो.

ही दुसरी शिडी म्हणजे जेएलपीटी, जपानी भाषेची प्रावीण्य परीक्षा. जुलै आणि डिसेंबरमध्ये होणारी ही परीक्षा पुण्यातही देता येते. एन५ सगळ्यात सोपी, एन१ सगळ्यात अवघड. २००९ पर्यंत पाचाऐवजी चारच पातळ्या होत्या आणि तेव्हा प्रत्येक पातळीला साधारण किती तास अभ्यास लागतो ते जाहीर केलेलं असे. आजच्या एन४ च्या जवळपासच्या पातळीला ३०० तास आणि ३०० कांजी (चिनीतून आलेली चित्राक्षरं), एन२ च्या जवळपास ६०० तास आणि १००० कांजी, एन१ ला ९०० तास आणि २००० कांजी. हे तास वर्गातले धर. माझ्या अनुभवात आपल्या मुलांना घरी तेवढेच आणखी लागतात, कारण कांजी आपल्याला मुळापासून शिकायची असते. आता कॉलेजच्या वेळापत्रकातले तास मोज, सुट्ट्या आणि परीक्षांचे दिवस वजा कर. नुसत्या वर्गावर एन२ गाठणं का होत नाही ते तुझं तुलाच दिसेल.

एन२ चा एवढा धोशा मी का लावते आहे? तर पगाराची खरी रेषा तिथे आहे. एन४ वर तुला कुणी जपानीसाठी नोकरी देत नाही. एन३ वर देतात, पण बहुतेक वेळा काम डेटा भरण्याचं किंवा ठरावीक ईमेलना ठरावीक उत्तरं देण्याचं असतं. एन२ असेल तर मुलाखतीला बोलावतात. पदवीचा निकाल लागेल त्या दिवशी एन२ हातात हवं, एवढं एकच लक्ष्य भिंतीवर लिहून ठेव. पहिल्या वर्षाच्या डिसेंबरात एन५, पुढच्या जुलैत किंवा डिसेंबरात एन४, दुसऱ्या वर्षाच्या शेवटाकडे एन३. एन३ ते एन२ ही चढण सगळ्यात लांब आहे, तिला पूर्ण वर्ष ठेव. एकदा नापास झालीस तर खचू नकोस. एन२ ला १८० पैकी ९० गुण हवेत आणि तिन्ही भागांत प्रत्येकी किमान १९. त्यामुळे वाचनात छान गुण मिळवूनही श्रवणात घसरलेली पुष्कळ मुलं मी पाहिली आहेत.

पण या परीक्षेत एक मोठी पोकळी आहे. तिच्यात बोलायचं नसतं आणि लिहायचंही नसतं. सगळं पर्यायांवर खुणा करून होतं. म्हणून एन२ चं प्रमाणपत्र असलेली मुलगी फोन वाजला की गप्प होते. यावर मला लागू पडलेला उपाय जुनाच आहे. रोज वीस मिनिटं मोठ्याने वाचायचं, आणि रेकॉर्डिंग लावून बोलणाऱ्याच्या अर्धा शब्द मागे राहून त्याच्यासारखंच म्हणायचं. हॉस्टेलमध्ये लाज वाटेल, गच्चीवर जा. एक वर्ष केलंस तर जीभ वळते.

आता पदवी कुठे करायची ते सांगते. पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीत बी.ए. आणि एम.ए. दोन्ही आहे. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात, सर्टिफिकेट आणि डिप्लोमाचे अभ्यासक्रम आहेत. ते दुसरी पदवी करता करता करता येतात, तुझे बाबा म्हणतात तो मार्ग हाच. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर दिल्लीला जेएनयू म्हणजे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि हैदराबादला इफ्लू म्हणजे इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ आहे. जेएनयूच्या बी.ए. साठी सीयूईटी ही केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिथली फी आणि ग्रंथालय बघितलं की घरापासून लांब जाण्याचं चीज होतं असं मला वाटतं, पण तो निर्णय तुमच्या घराचा.

मग बी.कॉम. आणि जोडीला डिप्लोमा, की थेट बी.ए.? खरं सांगायचं तर दोन्ही वाटांनी गेलेली माणसं मी सुस्थितीत पाहिली आहेत. तुला अनुवाद, अध्यापन किंवा संशोधन करायचं असेल तर बी.ए. कर. जपानी समाज, इतिहास, साहित्य, भाषेची जडणघडण हे सगळं तीन-चार वर्षं रोज डोक्यात मुरतं, ते संध्याकाळच्या बॅचमध्ये मुरत नाही. पण तुला कंपनीतच जायचं असेल आणि आकडे आवडत असतील, तर बाबांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नकोस. जपानी कंपन्यांच्या इथल्या शाखांमध्ये हिशेब दोन्हीकडे समजणारं माणूस मिळता मिळत नाही. दुभाष्याला ताळेबंद वाचता येत नाही आणि अकाउंटंटला जपानी येत नाही. दोन्ही येणारी मुलगी कुठेही बसली तरी तिच्यावाचून अडतं.

म्हणून तुझ्यासाठी माझं मत असं. बी.ए. जपानी कर, पण कॉमर्स सोडू नकोस. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय घेता येतो. कॉलेजात वाणिज्याशी जवळचं काही मिळत असेल तर ते घे. नसेल तर टॅली, जीएसटीची विवरणपत्रं, थोडं कॉस्टिंग असं बाहेर शिक आणि जपानीतल्या हिशेबाच्या शब्दांची वही सुरू कर. याच धोरणात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवालाही श्रेयांक आहेत. ती इंटर्नशिप ओळखीच्या दुकानात सही-शिक्क्यावर भागवू नकोस. चाकण, रांजणगाव, तळेगावला जपानी माणसं जिथे येतात-जातात, तिथे महिनाभर फायली लावायच्या मिळाल्या तरी जा.

पदवी हवीच का, हा प्रश्न बाबा विचारतील. त्याचं उत्तर व्हिसाच्या नियमात आहे. जपानमध्ये ऑफिसातल्या कामासाठी जो व्हिसा असतो, त्याला अभियांत्रिकी, मानव्यविद्या आणि आंतरराष्ट्रीय सेवा असं जोडनाव आहे. त्यातल्या आंतरराष्ट्रीय सेवेसाठी एरवी तीन वर्षांचा अनुभव मागतात. पण विद्यापीठाची पदवी असलेल्या माणसाला अनुवाद, दुभाषाचं काम किंवा भाषा शिकवणं यासाठी ती अट लागत नाही. पदवी नसेल तर एन१ असूनही ही वाट अरुंद होते. दुसरी वाट २०१९ साली सुरू झालेल्या 'तोकुतेई गिनो' म्हणजे विशिष्ट कौशल्याच्या व्हिसाची. वृद्धांची शुश्रूषा, अन्नप्रक्रिया, शेती अशी ठरावीक क्षेत्रं, त्यांची कौशल्य परीक्षा आणि बहुतेक क्षेत्रांना एन४ च्या आसपास भाषा एवढं पुरतं, पदवी लागत नाही. मेहनतीचं, सन्मानाचं काम आहे, कुणी कमी लेखू नये. पण तीन-चार वर्षं भाषेचा अभ्यास करून तू या वाटेने जावंस असं मला वाटत नाही. आणि कोणत्याही वाटेसाठी एजंटने लाखांची रक्कम आगाऊ मागितली तर तिथून उठून ये.

जपानला जायची आणखी एक संधी पदवी चालू असतानाच असते, आणि ती मुलांना फार उशिरा कळते. जपान सरकारच्या शिष्यवृत्त्यांमध्ये एक खास जपानी भाषा-संस्कृतीच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी आहे. साधारण वर्षभर तिथल्या विद्यापीठात राहून शिकायचं आणि परत येऊन आपली पदवी पूर्ण करायची. ती जपानीत पदवी करणाऱ्यालाच मिळते. थेट बी.ए. करण्याचं हे एक मोठं कारण धर. दुसऱ्या वर्षीच विभागात जाऊन सगळी माहिती काढ. तिसऱ्या वर्षी जाग आली तर वेळ निघून गेलेली असते.

आता काम म्हणजे काय असतं ते जवळून दाखवते, कारण "दुभाषी" म्हटलं की लोकांना सूटबूट घातलेली माणसं आणि दोन देशांचे झेंडे दिसतात. माझा पहिला महिना प्रेस शॉपमध्ये गेला. कानात बोळे, पायात लोखंडी टोकाचे बूट. जपानहून आलेले साहेब म्हणाले, "बोरुतो." जपानीत बोल्टलाही 'बोरुतो' म्हणतात आणि व्होल्टलाही. म्हणजे पाना घेऊन धावायचं की मीटर, हे समोरचं यंत्र बघूनच ठरवायचं. 'बारुबु'चंही तसंच, व्हॉल्व्हही असू शकतो आणि गाडीचा बल्बही. 'शिमेरु' म्हणजे बंद करणं आणि 'शिमेरु' म्हणजे आवळणं. कागदावर दोन्हींची कांजी वेगळी, कानाला दोन्ही एक. वर्गात मी 'शिमेरु' म्हटल्यावर दार बंद करणं शिकले होते. तिथे नट आवळायचा होता.

पण तिथेच आपल्या मराठीने मला हात दिला. मशीनचा आवाज सांगताना ते साहेब 'गातागाता' म्हणायचे. इंग्रजी शब्द शोधत बसले असते तर वेळ गेला असता. मी वळून फिटर काकांना म्हणाले, "खडखड वाजतंय म्हणतायत." काकांनी तिथल्या तिथे बेअरिंग उघडलं. जपानीत असे नादाचे शब्द शेकड्यांनी आहेत, आणि खडखड, करकर, झुळझुळ, चिकचिक यांत वाढलेल्या माणसाला ते परके वाटतच नाहीत. क्रियापद वाक्याच्या शेवटी, विभक्तीसारखे प्रत्यय नामानंतर, ही रचनाही आपल्या ओळखीची. जपानी शिकताना मनात इंग्रजीत भाषांतर करत बसू नकोस. पाठ्यपुस्तक इंग्रजीत असलं तरी टिपणं मराठीत काढ.

पहिल्याच वर्षी माझ्या हातून एक मोठी चूक झाली, तीही सांगते. एका पुरवठादाराकडे बैठक होती. तिथले मॅनेजर म्हणाले, अमुक तारखेऐवजी पंधरा दिवसांनी माल दिला तर चालेल का? जपानी साहेबांनी दातांतून श्वास आत ओढला, मान थोडी कलती केली आणि म्हणाले, "सोरे वा चोत्तो मुझुकाशिई देसु ने." मी शब्दाला शब्द लावला, "ते जरा अवघड आहे." मॅनेजर खूश झाले. आपल्याकडे "अवघड आहे" याचा अर्थ "बघू, करू काहीतरी" असा असतो. त्यांनी पंधरा दिवस गृहीत धरले. जपानी साहेबांनी मात्र स्पष्ट नकार दिला होता, त्यांच्या भाषेत तो वाक्प्रयोग 'नाही' असाच असतो. ठरल्या तारखेला माल आला नाही, लाइन थांबायची वेळ आली आणि दोन्ही बाजूंनी माझ्याकडे बघितलं. आमच्या ज्येष्ठ दुभाषी बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तू शब्द पोचवलेस गं, नकार पोचवला नाहीस." त्यानंतर असं वाक्य आलं की मी तिथेच थांबते आणि साहेबांना विचारते, "हे नाही असं सांगू का?" आजवर एकाही जपानी माणसाने याचा राग मानलेला नाही.

आता यंत्राच्या अनुवादाबद्दल. मी नवीन होते तेव्हा यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचे गठ्ठे अनुवादाला यायचे. त्यांचा पहिला मसुदा आता यंत्र करतं. तपासायचं काम आपल्याकडे येतं आणि त्याचा दर कमी असतो. नुसत्या त्या कामाच्या भरवशावर आज पदवी करू नकोस. पण तपासणाऱ्याकडे काय लागतं ते बघ. ईमेलमध्ये वाक्य असतं, "बुहिन ओ कोकान शिमाश्ता." मराठीत "पार्ट बदलला." कुणी बदलला? जपानीत कर्ता सांगितलेला नाही आणि मराठीतही तो न सांगता चालतो. इंग्रजीत मात्र काहीतरी घालावंच लागतं, आणि यंत्र तिथे 'आम्ही' घालून मोकळं होतं. पार्ट पुरवठादाराने बदलला की कारखान्याने, यावर खर्च कुणी सोसायचा ते ठरतं. ही चूक पकडायला आधीची चार ईमेल वाचलेली लागतात, कारखान्यातला रिवाज माहीत लागतो आणि फोन उचलून विचारायचं धाडस लागतं. ते करणाऱ्यांना काम आहे आणि राहील. शेवटच्या वर्षात ओमेगाटीसारखं अनुवादाचं मोफत सॉफ्टवेअर मात्र हाताळून ठेव. काम देणाऱ्या संस्था अशा सॉफ्टवेअरचं विचारतातच.

बाकीच्या वाटा थोडक्यात सांगते. आयटी कंपन्यांत जपानी ग्राहक आणि इथली टीम यांच्यामध्ये उभं राहणारं माणूस लागतं. त्यासाठी सॉफ्टवेअर कसं तयार होतं याची समज हवी, भाषा एकटी पुरत नाही. कॉलेजात शिकवायचं असेल तर एम.ए. आणि नेट ही प्राध्यापकांची पात्रता परीक्षा. नेटमध्ये जपानी हा विषय आहे. क्लासमध्ये शिकवणं लवकर सुरू करता येतं, आणि मी तर म्हणेन दुसऱ्या वर्षापासून शेजारच्या एखाद्या मुलाला एन५ शिकव. 'वा' आणि 'गा' या प्रत्ययांमधला फरक दुसऱ्याला समजावताना आपल्याला काय कळलेलं नाही ते नेमकं समजतं. पर्यटनाकडे आपली मुलं फारशी बघत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. अजिंठा-वेरूळला जपानी यात्रेकरू येतात, तिथल्या जतनाच्या आणि पर्यटनाच्या कामाला जपानने कर्ज दिलं होतं. नागपूरजवळ कामठीला ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर आहे. बौद्ध धम्माची परिभाषा पाली, मराठी आणि जपानी अशा तिन्ही अंगांनी जाणणारा मार्गदर्शक दुर्मीळ आहे. महाराष्ट्रातल्या मुला-मुलींना यासाठी दूर कुठे जायलाही नको.

पैशाबद्दल एक सूचना. स्वतंत्र काम करायची इच्छा असली तरी पहिली तीन वर्षं नोकरी कर. जपानी कार्यालयात 'होरेनसो' म्हणतात, म्हणजे कळवणं, संपर्कात राहणं आणि विचारून करणं. हे पुस्तकातून अंगी येत नाही, रोज संध्याकाळी साहेबाला अहवाल देऊनच येतं. शिवाय स्वतंत्र कामात अनुवादाचे पैसे मूळ जपानी मजकुराच्या अक्षरांवर मोजतात, दुभाषाचे अर्ध्या किंवा पूर्ण दिवसावर, आणि ते हातात पडायला महिना-दोन महिने लागतात. तेवढी शिल्लक गाठीशी असल्याशिवाय नोकरी सोडू नकोस.

आता जूनपर्यंत काय करायचं ते. अॅनिमे बघ, माझी हरकत नाही. पण त्यातली भाषा ऑफिसात बोललीस तर समोरचा दचकेल. आपण जसं 'तू, तुम्ही, आपण' पाळतो, तसे जपानीत क्रियापदांचेच थर आहेत आणि अॅनिमेत बहुधा सगळ्यात खालचा थर कानावर पडतो. तेव्हा आधी जपानीच्या दोन अक्षरमाला शिक, पहिले दोन आठवडे हिरागाना आणि पुढचे दोन परके शब्द लिहायची कताकाना. रोज पाच अक्षरं, चौकटीच्या वहीत, रेघांचा क्रम पाळून. रोमन लिपीत लिहिलेली जपानी वाचायची सवय अजिबात लावून घेऊ नकोस, ती पुढे सुटता सुटत नाही. लिपी आली की एनएचकेच्या सोप्या जपानीतल्या बातम्यांमधली रोज एक बातमी मोठ्याने वाच. अर्थ नाही लागला तरी वाच. दोन महिने हे कंटाळा न येता झालं, तर बाबांना ती वही दाखव. माझ्या या लांबलचक उत्तरापेक्षा तिचा त्यांच्यावर जास्त परिणाम होईल.

कताकाना झाल्यावर आधी आपल्या गावाचं नाव लिहून बघ. त्या लिपीत 'ऱ्ह' नाही, 'ड' नाही, आणि 'न' सोडला तर शब्दाच्या शेवटी सुटं व्यंजनही येत नाही. कऱ्हाडचं 'कारादो' होतं. का होतं ते वहीत खाली लिहून ठेव, आणि प्रवेश घेतलास की ती वही घेऊन मला भेटायला ये.